सौर वात व भूचुंबकीय क्षेत्र

सूर्यापासून सर्व दिशांना अखंडपणे बाहेर पडणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या प्रवाहाला सौर वात म्हणतात. या प्रवाहाचा वेग, त्याची घनता आणि त्याच्याबरोबर वाहत येणारे चुंबकीय क्षेत्र यांत सतत फेरफार होत असतात. या फेरफारांमुळे पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात निर्माण होणारे विक्षोभ, त्यांची कारणे व त्यांचे परिणाम यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

पृथ्वीचे मुख्य चुंबकीय क्षेत्र तिच्या गाभ्यातील द्रवरूप लोहाच्या हालचालींमुळे निर्माण होते. विषुववृत्ताजवळ त्याचे मूल्य सु. ३०,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचे एकक, टेस्लाचा एक अब्जांश भाग) व ध्रुवांजवळ सु. ६०,००० नॅनोटेस्ला असते. गाभ्यातील या क्षेत्रावर सौर वाताचा काहीही परिणाम होत नाही. पृथ्वीबाहेर, अवकाशात व वातावरणाच्या उच्च थरांत वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहांमुळे मुख्य क्षेत्रात एका लहानशा बाह्य क्षेत्राची भर पडत असते आणि बदलते ते हे बाह्य क्षेत्र होय. शांत दिवशीही भूपृष्ठावरील क्षेत्रात काही दशक नॅनोटेस्लांचा दैनंदिन चढउतार आढळतो. परंतु तो सूर्याच्या जंबुपार व क्ष-किरणांमुळे आयनांबरात (वातावरणाच्या आयनीभूत उच्च थरात) निर्माण होणाऱ्या प्रवाहांचा परिणाम असतो, सौर वाताचा नव्हे. सौर वातामुळे होणारे बदल अनियमित असून ते तीव्र झाले म्हणजे त्यांना भूचुंबकीय वादळ म्हणतात. तीव्र वादळातही भूपृष्ठावरील क्षेत्रात पडणारा फरक बहुधा मूळ मूल्याच्या शेकडा एक-दोन भागांपेक्षा जास्त नसतो. तथापि हा फरक किती मोठा आहे यापेक्षा तो किती जलद घडून येतो यावर त्याचे व्यावहारिक महत्त्व अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : होकायंत्राची सूची दिवसभरात किंचित हलत असते, असे लंडन येथील जॉर्ज ग्रॅहॅम यांना १७२२ च्या सुमारास आढळून आले. स्वीडनमधील अप्साला येथे आंडर्स सेल्सियस व ओलोफ यॉर्टर यांनी १७४१ मध्ये ध्रुवीय प्रकाश दिसत असताना सूची अस्वस्थ होते, असे दाखविले. त्याच वेळी ग्रॅहॅम यांनाही लंडन येथे सूचीची अशीच हालचाल आढळली. म्हणजे हा विक्षोभ स्थानिक नसून दूरवर पसरणारा होता. अशा विक्षोभांना ‘चुंबकीय वादळ’ ही संज्ञा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आलेक्सांडर फोन हंबोल्ट यांनी वापरली. सौर डागांच्या संख्येत सु. अकरा वर्षांचे आवर्तन असल्याचे हाइन्रिख श्वाबे यांनी दाखविल्यानंतर, १८५२ मध्ये एडवर्ड सेबाइन यांनी निरनिराळ्या देशांतील वेधशाळांच्या नोंदी तपासून चुंबकीय विक्षोभांची वारंवारताही त्याच आवर्तनाने कमीजास्त होते, असे सिद्ध केले.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन व रिचर्ड हॉजसन या दोन इंग्रज निरीक्षकांना, परस्परांना माहीत नसताना, सौर डागांच्या एका समूहावर पांढऱ्या प्रकाशाचा प्रखर उद्रेक काही मिनिटे दिसला. त्यानंतर सु. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर अतितीव्र चुंबकीय वादळ सुरू झाले. या एकाच घटनेवरून निश्चित निष्कर्ष काढण्यास स्वतः कॅरिंग्टन तयार नव्हते. पुढे १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी तर सूर्य हा अशा वादळांचे कारण असूच शकत नाही, असे मत मांडले. सूर्य हा एक मोठा चुंबक मानून त्याने सर्व दिशांना चुंबकीय तरंग पाठविले असे धरल्यास, आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या उष्णतेइतकी व प्रकाशाइतकी ऊर्जा खर्च करावी लागेल, असे त्यांचे गणित होते. गणित बरोबर होते, पण गृहीत चुकीचे होते. सूर्याचा परिणाम चुंबकीय तरंगांनी नव्हे, तर प्रत्यक्ष द्रव्याच्या प्रवाहाने होतो व वादळाचे विद्युत् प्रवाह पृथ्वीच्या नजीकच निर्माण होतात, ही गोष्ट तेव्हा अज्ञात होती.

एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी १९०४ मध्ये चुंबकीय विक्षोभ सु. २७ दिवसांनी, म्हणजे पृथ्वीवरून दिसणाऱ्या सूर्याच्या परिभ्रमणकालाने, पुन्हा उद्‍भवतात हे दाखवून सूर्यापासून निघणाऱ्या मर्यादित रुंदीच्या झोतांची कल्पना पुढे आणली. नॉर्वेचे क्रिस्त्यान बिर्कलान यांनी निर्वात पेटीत चुंबकीय गोलकावर इलेक्ट्रॉनांचे झोत सोडून ध्रुवीय प्रकाशाचे प्रयोग केले. सिडनी चॅपमन व व्हिन्सेंट फेरारो यांनी १९३०–३१ मध्ये सूर्याकडून आलेला आयनीभूत वायूचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला दाबून त्याभोवती एक पोकळी निर्माण करील, असा सिद्धांत मांडला. धूमकेतूंच्या शेपट्यांच्या दिशेवरून लूटव्हिख बीरमान यांनी १९५१ मध्ये असा प्रवाह प्रासंगिक नसून अखंड असला पाहिजे, असे अनुमान केले. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये या प्रवाहाचे गणिती विवेचन करून त्याला ‘सौर वात’ हे नाव दिले. १९५९ मध्ये रशियाच्या ल्यूना यानांनी त्याचे प्रत्यक्ष पुरावे मिळविले आणि १९६२ मध्ये शुक्राकडे जाणाऱ्या अमेरिकेच्या मरिनर–२ यानाने कित्येक महिने सलग मापने घेऊन तो अखंड वाहतो, हे निर्विवाद दाखविले.

सौर वाताचे स्वरूप : सूर्याच्या किरीटाचे (सर्वांत बाहेरील विरल वातावरणाचे) तापमान दहा लाख अंशांहून अधिक असल्याने तेथील वायू सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला न जुमानता प्रसरण पावत बाहेर पडतो. हा वायू आयनद्रायूच्या अवस्थेत, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या मिश्रणाच्या स्वरूपात असतो. पृथ्वीच्या कक्षेजवळ त्याचा वेग सामान्यतः सेकंदाला सु. ४०० किमी. व घनता दर घन सेंमी.मध्ये सु. ५ प्रोटॉन इतकी असते. आयनद्रायू उत्तम विद्युत् संवाहक असल्यामुळे तो सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर ओढून नेतो. हे आंतरग्रहीय क्षेत्र पृथ्वीजवळ अवघे सु. ५ नॅनोटेस्ला, म्हणजे भूपृष्ठावरील क्षेत्राच्या सु. दहा हजारांश भागाइतके असते. ते क्षुल्लक वाटले, तरी त्याची दिशा निर्णायक ठरते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

सौर वातातील बदल मुख्यतः दोन प्रकारचे असतात. किरीटातील ज्या भागांत चुंबकीय बलरेषा सूर्याकडे परत न वळता अवकाशात खुल्या गेलेल्या असतात, त्यांना किरीट-विवरे म्हणतात. त्यांतून सेकंदाला ६०० ते ८०० किमी. वेगाचे झोत निघतात. सूर्य फिरत असल्याने असा झोत २७ दिवसांनी पुन्हा पृथ्वीवरून जातो. माँडर यांना आढळलेल्या आवर्ती विक्षोभांचा उगम यांतच असल्याचे १९७३ मध्ये सोडलेल्या स्कायलॅब या अवकाश-प्रयोगशाळेच्या निरीक्षणांवरून स्पष्ट झाले. दुसऱ्या प्रकारात किरीटातील प्रचंड द्रव्यराशी तिच्यात गुंतलेल्या चुंबकीय क्षेत्रासह एकाएकी बाहेर फेकली जाते. यास किरीट-द्रव्याचा उत्क्षेप म्हणतात. त्याचा वेग सेकंदाला २,००० किमी.पेक्षाही अधिक असू शकतो व जलद उत्क्षेपाच्या पुढे आघात तरंग धावत असतो. अतितीव्र वादळे बहुतेक सर्व उत्क्षेपांमुळेच होतात. सौर ज्वाला (प्रकाश व क्ष-किरणांचा आकस्मिक उद्रेक) पुष्कळदा उत्क्षेपाबरोबर दिसते. परंतु वादळाचे कारण ज्वाला नसून उत्क्षेप असतो. ज्वालेचा प्रकाश सु. आठ मिनिटांत पृथ्वीवर येतो, तर उत्क्षेपाला एक ते चार दिवस लागतात.

चुंबकांबर व दाबाचा परिणाम : सौर वाताला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अडथळा करते व तो त्याच्या बाजूंनी वळून जातो. ज्या प्रदेशात पृथ्वीच्या क्षेत्राचे वर्चस्व राहते त्यास चुंबकांबर म्हणतात. सूर्याकडील बाजूस त्याची सीमा पृथ्वीच्या केंद्रापासून सु. १० भूत्रिज्यांवर (सु. ६४,००० किमी.) असते. विरुद्ध बाजूस मात्र ते धूमकेतूच्या शेपटीसारखे शेकडो भूत्रिज्यांपर्यंत लांबलेले असते. सौर वात ध्वनितरंगांसारख्या स्थानिक तरंगांपेक्षा कितीतरी वेगाने येत असल्याने, नावेच्या नाळेपुढे पाण्याची लाट उठावी तसा चुंबकांबराच्या पुढे एक कायमचा आघात तरंग उभा असतो.

सूर्याकडील सीमा कोठे असेल हे सौर वाताचा गतिजन्य दाब व पृथ्वीच्या क्षेत्राचा चुंबकीय दाब यांच्या समतोलावर ठरते. पहिला दाब घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असून तो सामान्यतः एक ते दोन अब्जांश पास्कल असतो (समुद्रसपाटीवरील हवेचा दाब सु. एक लाख पास्कल असतो). पृथ्वीचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते व चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. यावरून सीमेचे अंतर सौर वाताच्या दाबाच्या सहाव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे निघते. म्हणजे सीमा निम्म्या अंतरावर रेटण्यासाठी दाब ६४ पट व्हावा लागेल. चुंबकांबराच्या चिवटपणाचे रहस्य या नियमात आहे. तरीही दाब सु. वीस पट वाढल्यास सीमा ६ भूत्रिज्यांच्या आसपास येते व ६·६ भूत्रिज्यांवरील भूस्थिर उपग्रह सूर्यासमोर असताना एरवीच्या संरक्षक क्षेत्राच्या बाहेर पडतात. याउलट १९९९ च्या मे महिन्यात सौर वाताची घनता नेहमीच्या काही टक्क्यांइतकीच उरली, तेव्हा चुंबकांबर नेहमीपेक्षा कितीतरी पटींनी फुगल्याचे आढळले.

दाब एकाएकी वाढला म्हणजे चुंबकांबराच्या सीमेवर वाहणारे प्रवाह प्रबळ होतात व भूपृष्ठावरील क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक जगभर काही मिनिटांत काही दशक नॅनोटेस्लांनी वाढतो. वेधशाळांच्या आलेखांवर दिसणाऱ्या या पायरीसारख्या उडीला आकस्मिक प्रारंभ म्हणतात. परंतु केवळ दाबाने वादळ होत नाही. दाबामुळे क्षेत्र आक्रसते. त्यात ऊर्जा साठविण्याचे कार्य निराळ्या प्रक्रियेने होते.

दिशेचा परिणाम : चुंबकांबराच्या सूर्याकडील सीमेवर पृथ्वीच्या बलरेषा उत्तराभिमुख असतात. आंतरग्रहीय क्षेत्रही उत्तराभिमुख असेल, तर दोन्ही क्षेत्रे शेजारून सरकतात व चुंबकांबर जवळजवळ बंद राहते. आंतरग्रहीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर परस्परविरुद्ध दिशांच्या बलरेषा सीमेवर तुटून एकमेकींना जोडल्या जातात. या क्रियेस चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात. जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये ही उपपत्ती मांडली आणि १९६६ मध्ये डॉनल्ड फेअरफील्ड व लॉरेन्स काहिल यांनी उपग्रहाच्या मापनांवरून दक्षिणाभिमुख क्षेत्र व ध्रुवीय विक्षोभ यांचा निकट संबंध दाखवून तिला पुष्टी दिली.

जोडल्या गेलेल्या बलरेषांचे एक टोक पृथ्वीच्या ध्रुवीय प्रदेशात व दुसरे सौर वातात असते. सौर वात त्यांना मागे ओढत नेऊन चुंबकांबराच्या शेपटीत रचतो व त्यामुळे तेथे चुंबकीय ऊर्जा साठत जाते. शेपटीच्या मध्यभागी बलरेषा पुन्हा जोडल्या जातात, तेव्हा ताणलेले रबर सोडल्याप्रमाणे त्या पृथ्वीकडे झेपावतात व आयनद्रायूला वेग देतात. ही साठवण व मुक्तता काही तासांच्या अंतराने घडत असल्यास तिला उपवादळ म्हणतात. त्या वेळी ध्रुवीय प्रकाश एकाएकी उजळून ध्रुवाकडे पसरतो व उच्च अक्षांशांवर आयनांबरातील प्रवाहांमुळे क्षेत्रात शेकडो नॅनोटेस्लांचे फरक होतात. उपवादळाच्या या क्रमाचे वर्णन स्युन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये केले.

यावरून सौर वाताचा वेग व त्याच्या क्षेत्राचा दक्षिणाभिमुख घटक यांचा गुणाकार हे चुंबकांबरात शिरणाऱ्या ऊर्जेचे महत्त्वाचे माप ठरते. चुंबकीय विक्षोभ मार्च व सप्टेंबर महिन्यांतील संपातांच्या सुमारास अधिक होतात, यामागेही दिशेचेच कारण असल्याचे क्रिस्टोफर रसेल व रॉबर्ट मॅक्‌फेरॉन यांनी १९७३ मध्ये प्रतिपादिले. पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाच्या कलामुळे त्या काळात आंतरग्रहीय क्षेत्राचा दक्षिणाभिमुख घटक मिळण्यास अधिक वाव असतो.

ऑगस्ट १९७२ मधील घटना या दृष्टीने उद्‍बोधक आहे. त्या वर्षी ४ ऑगस्ट रोजी आलेल्या उत्क्षेपाने सूर्य ते पृथ्वी हे अंतर सु. साडेचौदा तासांत कापले. याहून जलद प्रवासाची नोंद नाही. चुंबकांबराची सीमा भूस्थिर कक्षेच्या बरीच आत रेटली गेली. क्षेत्रातील जलद बदलांमुळे उत्तर व्हिएतनामच्या समुद्रात पेरलेले कित्येक चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले. तथापि उत्क्षेपातील क्षेत्र बराच काळ उत्तराभिमुख असल्याने वादळाचे जागतिक माप सु. १२५ नॅनोटेस्लांपलीकडे गेले नाही. वेग विक्रमी, पण दिशा प्रतिकूल, अशी ही स्थिती होती. दिशा अनुकूल असती, तर हे वादळ इतिहासातील सर्वांत तीव्र वादळांपैकी एक ठरले असते.

वादळाच्या अवस्था : दक्षिणाभिमुख क्षेत्र काही तास टिकून राहिले म्हणजे शेपटीतील आयन पृथ्वीच्या जवळ ढकलले जातात व ३ ते ८ भूत्रिज्या अंतरावर पृथ्वीभोवती फिरू लागतात. धनभारित आयन पश्चिमेकडे व इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत असल्याने पश्चिमाभिमुख विद्युत् प्रवाह तयार होतो. याला वलय-प्रवाह म्हणतात. तीव्र वादळांत त्यातील बराच भाग आयनांबरातून वर चढलेल्या ऑक्सिजन आयनांचा असतो. वलय-प्रवाहाचे भूपृष्ठावरील क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्यामुळे क्षितिजसमांतर घटक कमी होतो. ही वादळाची मुख्य अवस्था असून ती काही तास ते सु. एक दिवस टिकते. नंतर आंतरग्रहीय क्षेत्र उत्तरेकडे वळले म्हणजे ऊर्जेचा पुरवठा थांबतो व आयन आपला भार विरल हायड्रोजन अणूंना देऊन नष्ट होत जातात. क्षेत्र हळूहळू पूर्वपदावर येण्यास कित्येक दिवस लागतात.

वादळाची तीव्रता डीएसटी या निर्देशांकाने मोजतात. हर्मानस (द. आफ्रिका), काकिओका (जपान), होनोलुलू (हवाई) व सॅन वान (प्वेर्त रीको) या चार वेधशाळांतील क्षितिजसमांतर घटकाच्या बदलांवरून तो दर तासाला काढतात. त्याचे मूल्य −५० ते −१०० नॅनोटेस्ला असल्यास वादळ मध्यम व −१०० च्या खाली गेल्यास तीव्र समजतात. मार्च १९८९ मधील वादळात तो −५८९ पर्यंत व मे २०२४ मधील वादळात सु. −४०० पर्यंत उतरला होता. याखेरीज यूलिउस बार्टेल्स यांनी सुरू केलेला, दर तीन तासांचा व ० ते ९ श्रेणींचा केपी हा निर्देशांकही प्रचारात आहे.

कुलाबा व अलिबाग येथील नोंदी : मुंबईतील कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्ये झाली व तेथे १८४० नंतर चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. २ सप्टेंबर १८५९ रोजीच्या वादळात यूरोपातील अनेक वेधशाळांच्या नोंदी मापनश्रेणीबाहेर गेल्या. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र टांगलेल्या चुंबकाचे वाचन हाताने लिहून ठेवले होते. त्यावरून तेथील क्षितिजसमांतर घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे दिसते. कुलाबा हे विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने व ध्रुवीय प्रवाहांच्या पट्ट्यापासून बरेच लांब असल्याने ही नोंद वादळाच्या जागतिक तीव्रतेच्या अनुमानास उपयुक्त ठरली. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांसह इतर संशोधकांनी तिचे पुन्हा विश्लेषण करून हे वादळ ज्ञात वादळांत सर्वांत तीव्र असल्याचे प्रतिपादिले. या घटीचा किती भाग वलय-प्रवाहाचा व किती इतर प्रवाहांचा, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत. एका ठिकाणच्या वाचनाची चार वेधशाळांच्या तासिक सरासरीशी सरळ तुलना करता येत नाही, ही मर्यादाही लक्षात ठेवावी लागते.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे सूक्ष्म मापने बिघडतील हे ओळखून, वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबाग येथे हलविली. अलिबागची निरीक्षणे १९०४ मध्ये सुरू झाली व सु. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेऊन जुनी व नवी मालिका जोडण्यात आली. मूस यांनी १८४६–१९०५ या काळातील कुलाब्याच्या निरीक्षणांचे संकलन व विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. अलिबाग वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. सौर चक्रांमधील फरक व विरळा घडणारी अतितीव्र वादळे यांच्या अभ्यासासाठी अशा प्रदीर्घ व अखंड मालिकेला पर्याय नाही.

मानवी व्यवहारांवरील परिणाम : बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भूकवचात विद्युत् क्षेत्र प्रवर्तित होते व लांब तारा, नळ आणि रूळ यांतून जमिनीशी जोडलेल्या टोकांमधून प्रवाह वाहतात. १८५९ मध्ये काही तारायंत्रचालकांनी विद्युत् घटमाला काढून टाकून केवळ या प्रवाहावर संदेश पाठविले होते. वीजवाहक जाळ्यांत हा प्रवाह जवळजवळ एकदिश असल्यामुळे रोहित्रांचे गाभे संपृक्त होतात, ते तापतात व संरक्षक यंत्रणा कार्यान्वित होतात. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वीबेक प्रांतातील वीजपुरवठा यामुळे सु. ९० सेकंदांत कोलमडला व सु. ६० लाख लोक सु. नऊ तास विजेविना राहिले. तेथील प्राचीन खडक विजेचे मंद वाहक असल्याने प्रवाहाने वीजवाहिन्यांचा मार्ग पत्करला, हे त्यामागील एक कारण होय. ३० ऑक्टोबर २००३ रोजी स्वीडनमधील माल्मो येथेही वीजपुरवठा काही काळ खंडित झाला होता.

वादळात ध्रुवीय प्रदेशांत ओतली जाणारी ऊर्जा उच्च वातावरण तापविते. ते प्रसरण पावल्याने खालच्या कक्षांतील उपग्रहांवरील घर्षण वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका खाजगी कंपनीने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी सु. ४० उपग्रह, वादळ फारसे तीव्र नसतानाही, वातावरणात परतून जळाले. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांच्या घनतेत होणाऱ्या फेरफारांमुळे रेडिओ संदेशवहन व उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चिती यांत दोष येतात. भारत निम्न अक्षांशांत असल्याने येथील वीजजाळ्यांना उच्च अक्षांशांतील देशांच्या मानाने धोका कमी आहे. परंतु देशाच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते व त्याच्या आसपासचे आयनांबर मुळातच चंचल असल्याने वादळाच्या वेळी स्थाननिश्चितीतील दोष येथे लक्षणीय होऊ शकतात. १०–११ मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाशाची नोंद झाली.

पूर्वसूचना : सूर्यावरील उत्क्षेप दिसल्यावर तो पृथ्वीवर केव्हा पोहोचेल याचा अंदाज काही तासांच्या चुकीसह करता येतो. परंतु त्यातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल की उत्तराभिमुख, हे दुरून विश्वसनीयपणे सांगता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष त्या प्रवाहात चुंबकत्वमापक ठेवावा लागतो. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेस सु. १५ लाख किमी. अंतरावर, सूर्य व पृथ्वी यांच्या गुरुत्वाकर्षणांच्या संयुक्त परिणामामुळे यान पृथ्वीबरोबरच सूर्याभोवती फिरत राहू शकेल असे एक स्थान (पहिला लाग्रांझ बिंदू) आहे. अमेरिकेचे एस हे यान १९९७ मध्ये व डिस्कव्हर हे यान २०१५ मध्ये या परिसराकडे पाठविण्यात आले. भारताचे आदित्य–एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले व ६ जानेवारी २०२४ रोजी ते तेथील कक्षेत प्रविष्ट झाले. सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या उपकरणांबरोबरच सौर वातातील कण व चुंबकीय क्षेत्र मोजण्याची उपकरणेही त्यावर आहेत.

या स्थानावरून मिळणारी सूचना अल्पावधीची असते. सौर वाताचा वेग सेकंदाला ४०० किमी. असल्यास १५ लाख किमी. अंतर कापण्यास त्याला सु. एक तास लागतो. वेग ८०० किमी. असल्यास हा अवधी सु. अर्धा तास व २,००० किमी. असल्यास जेमतेम १२ मिनिटे उरतो. म्हणजे वादळ जितके भयंकर होण्याचा संभव, तितका सूचनेचा अवधी थोडा. या थोड्या वेळात वीजजाळ्यांतील भार कमी करणे, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या वाहिन्या पुन्हा जोडणे इ. उपाय करता येतात. पण त्यांची तयारी आधीच झालेली असावी लागते. २३ जुलै २०१२ रोजी सूर्यापासून निघालेला एक अतिशय जलद उत्क्षेप पृथ्वीच्या दिशेने नव्हता. तो स्टीरिओ–ए या यानावरून गेला. त्याच्या मापनांवरून, तो पृथ्वीवर आला असता तर १८५९ च्या तोडीचे वादळ होऊ शकले असते, असे अनुमान करण्यात आले आहे. तारायंत्राच्या काळात अशा वादळाने काही कचेऱ्यांचे कामकाज थांबले होते. वीज, उपग्रह व संगणकीय दळणवळण यांवर अवलंबून असलेल्या समाजात त्याचे परिणाम कितीतरी व्यापक होतील. त्यामुळे उत्क्षेप सूर्यापासून निघतानाच त्यातील क्षेत्राची दिशा ओळखता येणे, हे या शाखेतील संशोधनाचे एक प्रमुख उद्दिष्ट बनले आहे.